परतलेले वजा

माझ्या नणंदेला मला अर्धं आभाळ द्यायला चौतीस वर्षं लागली. तेही पोस्टमास्तर गाव सोडून लेकीकडे राहायला गेले म्हणून. नाहीतर मी अजून मचाणाखाली थर्मासला टेकूनच बसले असते.

आमच्या गावाला लागून मोठा तलाव आहे, इतका मोठा की पलीकडचा काठ दिसत नाही. पानगळीच्या दिवसांत शिकारी पक्षी थंडी चुकवायला निघतात आणि या तलावाशी येऊन अडतात. या पक्ष्यांना पंख हलवायचा भारी कंटाळा. तापल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिच्यावर गोल गोल फिरत उंच जायचं आणि मग नुसतं घसरत पुढे जायचं, असा त्यांचा प्रवास. पाण्यावरून तशी हवा चढत नाही. म्हणून पाणी दिसलं की बहुतेक जण काठाकाठाने वळसा घेतात आणि बरोबर आमच्या मचाणावरून जातात. ते मोजायचे. दोन महिने, रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेने, तीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढली. जमीन मोजून संपली तेव्हा त्यांनी आभाळ मोजायला घेतलं, असं आमचे हे म्हणतात. ते त्यांचे धाकटे भाऊ, त्यांनी म्हटलेलं चालतं. मी म्हटलं तर घरात दोन दिवस शांतता पसरते.

ताई वाईट नाहीत. पण लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून मी केलेलं प्रत्येक काम त्यांनी पुन्हा एकदा तपासलंय. मी घडी घातलेल्या चादरी उलगडून पुन्हा घातल्या. मी बंद केलेला गॅस पुन्हा बंद केला. मी पंचवीस वर्षं गावातल्या कपड्यांच्या दुकानासाठी उंची कमी करणं, कंबर आत घेणं, असली कामं केली, लोक लांबून यायचे, पण ताईंच्या स्कर्टची दुमड मी घातली की त्या टेप घेऊन बसणार. नाकावर माशी बसू न देणारी बाई. एकदा मी वैतागून दुमड मुद्दाम अर्धा सेंटिमीटर वाकडी घातली होती. त्यांना ती सापडली, आणि त्या इतक्या खूश झाल्या की मीच हसत सुटले.

तर यंदा पोस्टमास्तर गेले. सोळा वर्षं मचाणावर ताईंच्या उजव्या हाताला ते बसायचे. त्यांच्या जागी कोणी मिळेना. ताईंनी शाळेत विचारलं, वाचनालयात विचारलं, औषधाच्या दुकानात चिठ्ठी लावली. शेवटी एका रविवारी आमच्याकडे जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाल्या, “तुझे डोळे कसे आहेत?”

“सुईत दोरा ओवते अजून. चष्म्याशिवाय.”

“ये मग उद्या. महिनाभर बघू. दुसऱ्या मोजणीदाराचं नाव पक्षीगणनेच्या कचेरीला कळवायचं असतं. ते महिनाअखेरीला कळवीन.”

म्हणजे माझी परीक्षा. मी खांदे उडवले, पण खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप लागली नाही. मला ती जागा हवी होती. पक्ष्यांसाठी थोडी, आणि बाकी सगळी ताईंसाठी. एकदा, फक्त एकदा, त्या बाईने माझ्या हातचं काही जसंच्या तसं वहीत लिहावं, एवढीच इच्छा होती.

मोजणीचे नियम पहिल्याच दिवशी ऐकवले गेले. मचाणासमोर एक लोखंडी खांब आहे. खांबाच्या डावीकडचं आभाळ ताईंचं, उजवीकडचं माझं. दुसऱ्याच्या आभाळात नाक खुपसायचं नाही, नाहीतर एकच पक्षी दोघींच्या हिशोबात जातो. पक्षी गोल फिरत वर चढत असतात त्याला आम्ही भोवरा म्हणतो. भोवऱ्यात असताना मोजायचं नाही, कारण तिथे कोण आला, कोण गेला, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. भोवऱ्याच्या माथ्यावरून ते एकामागून एक ओघळायला लागले की हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबायचं, एका पक्ष्याला एकदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काही पक्षी धाडस करून पाण्यावर जातात, अर्ध्या वाटेत दम संपतो आणि परत फिरतात. ते दिसले की लगेच वजा करायचे. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना आहे. “जाताना सगळेच मोजतात,” ताई म्हणाल्या, “परतताना मोजतो तो खरा मोजणीदार.”

मी शिकले. शेपटी, पंखांची ठेवण, उडायची तऱ्हा. शिकरा तीन-चार वेळा पंख मारतो आणि घसरतो. तिसा रुंद पंखांचा, आखूड शेपटीचा, आणि थव्याने जाणारा. थवा येतो तेव्हा असा येतो की बटण दाबून अंगठा सुजतो. तीन आठवडे माझे आकडे ताईंनी लिहिले, पण प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे एक नजर टाकून. जमीन मोजतानासुद्धा त्या शेजारच्या शेतकऱ्याकडे असंच बघत असणार.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, आभाळ धुतलेलं, वारा मागून. साडेअकरापासून तिसे यायला लागले आणि थांबेचनात. ताईंच्या बाजूला भोवरे, माझ्या बाजूला भोवरे. डबा उघडायलासुद्धा वेळ नाही. एकच्या तासात माझ्या बाजूच्या एका थव्याने सरळ पाण्यावर झेप घेतली. मी मोजत गेले, चारशे बारा. ते धुरकट होत होत दिसेनासे झाले. त्यांच्यात एक होता, त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस गळलेलं, तिथे नेमकी एक फट. ती फट मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसली, आणि मी मनात म्हटलं, बाबा रे, सांभाळून जा.

दोनच्या तासात काठाने आणखी एक थवा आला, जरा खालून. तीनशे सत्त्याण्णव. त्यांच्यातही एक फट असलेला होता. मला वाटलं, यंदा पिसं गळण्याची साथच दिसतेय. हसू नका. दिवसभर आभाळाकडे बघून माणसाचं डोकं हलकं होतं.

पाच वाजता बेरीज केली. दोन हजार तीनशे अठरा. ताईंनी पुन्हा केली, अर्थात. मग पेन खाली ठेवलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. अकरा वर्षांपूर्वीचा दोन हजार चाळीसचा उच्चांक मोडला होता. “तुझ्या बाजूने जास्त आले,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पण मला ते पुरलं. घरी येताना मला रस्त्यातल्या कुत्र्यालाही सांगावंसं वाटत होतं.

संध्याकाळी सात वाजता मी आरशासमोर केस विंचरत होते. माझ्या कंगव्याचा एक दात कधीचा तुटलेला आहे. केसांतून कंगवा ओढला आणि हात तिथेच थांबला. फट. डावा पंख, बाहेरून तिसरं पीस. दोन्ही वेळा डावा, दोन्ही वेळा तिसरं.

तो एकच पक्षी होता. म्हणजे थवाही एकच होता. पाण्यावर गेला, परत फिरला, लांबून वळसा घेऊन काठाने आला, आणि मी त्याला नव्या पाहुण्यासारखं पुन्हा मोजलं.

बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं. ते वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते.

“बाज काही कचेरीत जाऊन तक्रार करणार नाहीत,” ते म्हणाले.

“चेष्टा नको.”

“बरं, मग सांगून टाक. फक्त आधी मला गावाबाहेर जाऊ दे.” मग माझा चेहरा बघून पेन खाली ठेवलं. “आत्ता जाऊ नकोस. ताई खुशीत असेल. उद्या सकाळी सांग, तक्ता ती आठला पाठवते.”

ताईंचं घर दोन गल्ल्या सोडून. मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मनात म्हटलं, महिना संपायला नऊ दिवस आहेत. आत्ता सांगितलं की माझं नाव गेलं. मग पुढची चौतीस वर्षं “तिला एकदा अर्धं आभाळ दिलं होतं” हे ऐकायचं. न सांगायचा विचारही आला, का नाही येणार? उच्चांक राहिला असता, ताई खुशीत, मी खुशीत. पण त्या वहीत ताईंनी एकोणीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिलेला नाही, आणि पहिला लिहिला जाणार तो माझ्या हातचा. ते मला सोसवेना. तरी मी गेले नाही. चपला काढल्या आणि भांडी घासायला लागले.

सकाळी साडेसातला गेले. ताईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर तक्ता, त्यावर चष्मा, शेजारी फोन. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पीस, थवा, कंगवा, सगळं.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. प्रश्न विचारले. पहिला थवा किती वाजता गेला? दुसरा किती वाजता आला? कुठल्या बाजूने? उंची? मग म्हणाल्या, “तीनशे सत्त्याण्णव वजा. पंधरा राहिले ते पार गेले असतील. परत आलेले आपण पाहिले नाहीत, तेव्हा ते वजा करता येत नाहीत.” लिहिलं. एक हजार नऊशे एकवीस. उच्चांक गेला.

“तुला कळलं कधी?”

“काल सातला.”

“काल सात.” त्यांनी चष्मा काढला. “मी रात्री आठ वाजता पोस्टमास्तरांना फोन केला. आपला उच्चांक मोडला म्हणून सांगितलं. फोनवर रडले ते. आता पुन्हा फोन करून सांगायचं.” चष्म्याच्या काचा पुसल्या. “दोन गल्ल्या. तुला दोन गल्ल्या यायला बारा तास लागले.”

मी दाराकडे वळले.

“आज तू हवा लिही,” ताई म्हणाल्या.

हवा लिहिणं म्हणजे वारा कुठून, किती, ढग किती, तापमान काय, दर तासाला. पोस्टमास्तरांच्या काळात हे काम मी मचाणाखाली बसून करायचे. आता निदान वर बसून करायचं. ताईंनी खुर्ची मधोमध घेतली आणि दोन्ही बाजूंचं आभाळ स्वतःकडे घेतलं.

सकाळ शांत गेली. पाण्यावर ऊन, खाली वेताच्या बेटात बदकं. तुरळक शिकरे, एक घार, भोवत्या जातीचे दोन पक्षी. मी वारा लिहिला, ढग लिहिले. राग गिळत होते, पण राग काही घशाखाली जात नव्हता. बारा वाजता डबे उघडले. ताईंनी नेहमीप्रमाणे आपल्यातलं अर्धं उकडलेलं अंडं माझ्या झाकणात ठेवलं आणि म्हणाल्या, “तुझी चूक झाली म्हणून मी तुला हवा दिली नाही. थवा परतलेला ओळखणं सोपं नाही. मीही चुकले असते. तू रात्रभर थांबलीस म्हणून दिली.”

आणि मग माझ्या तोंडातून ते निघून गेलं. ठरवलेलं नव्हतं.

“ताई, चौतीस वर्षांत एकदा तरी मला अशी सोय ठेवलीत का, की काही चुकलं तर धावत तुमच्याकडे यावं? माझ्या हातून पेला फुटला तरी मी तुकडे शेजारच्यांच्या कचऱ्यात टाकायचे. आणि तुम्ही म्हणता, बारा तास का लागले! मला वाटतं, बारा कमीच लागले.”

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. पुन्हा लावलं.

“नाही ठेवली,” त्या म्हणाल्या.

एवढंच बोलल्या, आणि दुर्बीण उचलली. मला लगेच वाईट वाटलं. खरं बोलून मोकळं वाटतं म्हणतात, मला तर आणखी जड वाटलं. सत्तरीच्या बाईला उंच मचाणावर बसवून असं बोलायचं का? पण बोललेलं खोटं नव्हतं, आणि माफी मागायचीही इच्छा होईना. आम्ही दोघी तशाच बसलो, दोघींमध्ये अंड्याची टरफलं.

तीनच्या सुमारास छोटा थवा आला, तिसेच, साठ-पासष्ट असतील. ताईंचं बटण वाजत राहिलं. थवा पाण्यावर गेला. थोड्या वेळाने डावीकडे, झाडांच्या शेंड्यांवरून काही जण परत फिरले. मला कोणतीच बाजू दिलेली नव्हती, त्यामुळे मी सगळीकडे बघत होते. सात. मी ताईंकडे पाहिलं. दुर्बीण डोळ्यांना होती. केले असतील वजा, असं म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, मी आपली हवा लिहिणारी. थोडा राग होता त्यात, नाकारत नाही. पाच वाजता आम्ही खाली उतरलो आणि आपापल्या गल्लीला वळलो.

पावणेसातला दार वाजलं. मी कणीक मळत होते, ह्यांनी उघडलं. बाहेर ताई. ताई आमच्याकडे आधी फोन न करता कधीच येत नाहीत. हातात तक्ता, अंगात स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर.

“कोणी वारलं का आपल्यातलं?” हे म्हणाले. घाबरले की त्यांना असलंच काहीतरी सुचतं.

“गप्प बस,” ताई म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “तीनच्या तासात माझ्याकडून चुकलं. काही परत आले, मी वजा केले नाहीत. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. दिसले, पण मन दुसरीकडे होतं. आत्ता कपडे बदलताना आठवलं. कचेरीला पाठवायच्या आधी तुला सांगायला आले.”

मी हात तसेच पिठात ठेवून बघत राहिले.

“लगेच निघाले,” ताई म्हणाल्या. “म्हणजे निघाले लगेच, पण कोपऱ्यावरच्या बाकावर बसले जरा वेळ. मग तुमच्या फाटकापासून परत फिरले एकदा.” त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला, त्याच्या कडा सारख्या केल्या. “दोन गल्ल्या लांब असतात गं. मला माहीत नव्हतं.”

ह्यांनी खुर्ची पुढे केली. ताई बसल्या, पेन काढलं आणि वजाच्या रकान्यात नऊ लिहिलं. पेन तिथेच राहिलं.

“नऊ असावेत,” म्हणाल्या. “तू पाहिलेस का?”

“पाहिले. सात होते. झाडांवरून पाच, आणि मागून दोन. तेव्हाच सांगायला हवं होतं मी. रागात होते.”

मी वाट बघत होते. त्या उलट तपासणी करतील, वेळ विचारतील, उंची विचारतील. ताईंनी नऊ खोडलं, सात लिहिलं, आणि तक्ता माझ्याकडे सरकवला.

“दुसऱ्या मोजणीदाराची सही राहिलीय.”

“आज मी हवा लिहीत होते, ताई.”

“हवा लिहिणारीने सात मोजले आणि मोजणारीने एकही नाही. सही कर. मी तुझं नाव कळवलंय कचेरीला, आत्ता, त्या बाकावरून.” मग भावाकडे वळून म्हणाल्या, “पाणी दे रे. घसा सुकलाय माझा.”

माझे डोळे भरून आले आणि हात पिठाचे, पुसताही येईनात. हे पाणी आणायला गेले. मी हात धुतले आणि सही केली. सही जरा वाकडी आली. ताईंनी ती पाहिली, तक्ता घडी करून पिशवीत ठेवला, आणि विचारलं, जेवायला काय आहे.